धोका क्रमांक एक

विभागप्रमुख खरवंडीकर सर आयटीच्या मुलांना मोठ्या तोऱ्यात प्रकल्प व्यवस्थापन शिकवायचे, आणि साध्या सहीसाठी त्याच मुलांना महिनाभर दाराबाहेर ताटकळत ठेवायचे. तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, त्यांनी आपल्याच मार्गदर्शनाखालच्या मृण्मयीच्या प्रकल्प अहवालातली धोक्यांची यादी उघडली. पहिलाच धोका होता: ‘मार्गदर्शक सही अडवून धरतील.’

सर भडकले. “हा आगाऊपणा आधी खोड, नाहीतर सही विसर!”

सहीवाचून मृण्मयीची लागलेली नोकरी हातची जाणार होती. तरी ती शांतपणे म्हणाली, “सर, यादीतला धोका कधी खोडायचा नाही, तो खरा ठरला की त्याच्यापुढे तारीख टाकायची, असं तुम्हीच शिकवलंत. आजचीच टाकू ना?”

परीक्षकांनी हसू दाबत आपलं पेन सरांपुढे सरकवलं. सरांची वेळेवर झालेली ती पहिलीच सही.