वाळलेल्या वेलीची मुळी

फार पूर्वी शोणवती नगरीत भद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या वैद्यकुळात जन्मले होते. सुमेघ हे त्यांचे नाव. त्या वर्षी तापाची जीवघेणी साथ आली. सुमेघांनी एका रानमुळीचे औषध सिद्ध केले. ते एकदा पोटात गेले की ताप अंगाला शिवत नसे. मुळी आणून देत ते नदीपलीकडचे निषाद. वेल वाळून मातीत मिळाल्यावरच मुळी पिके, म्हणून ती कुठे दडली आहे हे फक्त त्यांनाच कळे.

नगरात घरोघर औषध पोचले. तरी राजाचा जीव थाऱ्यावर येईना. "नावा बांधून ठेवा, औषध पलीकडे जाता कामा नये. औषधाचे उरलेले रांजण आपल्यालाच. पुन्हा साथ आली तर?"

साथ नदीपलीकडेही पोचली होती. सुमेघांना अन्न गोड लागेना. रोज सकाळी घाटावर जाऊन ते पलीकडच्या चुलींचा धूर मोजत. परवा अकरा, काल आठ, आज पाच. ते तडक राजाकडे गेले.

"महाराज, खणणारेच गेले तर पुढच्या वर्षी औषध कशाचे करू?"

"माझे सैनिक खणतील."

औषध घेतलेले सैनिक पलीकडे गेले. कण्हणाऱ्या खोपटांवरून पुढे जाऊन त्यांनी तीन दिवस डोंगर उकरला आणि मोठ्या दिमाखात टोपल्या आणून ओतल्या. सगळा रानकांदा!

राजाचा चेहरा उतरला. "बरे, फक्त मुळी ओळखणाऱ्यांना औषध द्या."

"पाळण्यातल्या लेकराला मुळी ओळखता येत नाही, महाराज. त्याला नको? माझी वैद्यकी काढून घ्या हवी तर. पण रांजण नेईन तो सगळ्यांसाठी."

राजाने नावा सोडायला सांगितल्या.

पलीकडे पहिल्याच खोपटात तुंबी नावाची म्हातारी बसली होती. तिचा मुलगा आदल्याच दिवशी तापाने गेला होता. आता ही शिव्याशाप देणार, म्हणून सुमेघ मान खाली घालून उभे राहिले. तिने औषध घेतले, वाटी पुसून परत दिली.

"वैद्यबाबा, तुमच्याकडची माणसं बरी हायेत न्हवं? आमी मुळी धाडाया उशीर तर न्हाई केला?"

सुमेघांनी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि वाटी घेऊन ते पुढच्या खोपटाकडे धावले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. तुंबी ही मला वाढवणारी महाप्रजापती गौतमी. आणि उशिरा पोचलेला तो वैद्य मीच. जीव वाचवताना आपला-परका न पाहणे, ही मैत्रीची पारमिता, तिची परिपूर्णता. तिला उशीर खपत नाही."