पिंगीचा नाच

जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं एक पोळं होतं, तेव्हाची ही गोष्ट. माश्यांच्या पाठीला बारीक तांबडे किडे चिकटून रक्त शोषू लागले. स्वतःच्या पाठीपर्यंत कुणाचाच पाय पोचेना, आणि दुसरीला सांगायची लाज वाटे. नाचायचं ते फक्त फुलांचा पत्ता सांगायला, असा तिथला रिवाज होता.

एकदा पिंगी नावाची माशी भर पोळ्यात थरथरत नाचू लागली.

“कुठं फुललंय गं?” सगळ्यांनी विचारलं.

“कुठंच नाही. माझ्या पाठीवर किडा आहे. कुणी काढता का?”

मग दारावरची खाष्ट म्हातारी माशी पुढे आली. तिनं किडा ओढला, चावून फेकला आणि पिंगीकडे पाठ केली.

“आता माझे काढ. तीन आहेत.”

त्या दिवशी फुलांचा पत्ता कुणीच सांगितला नाही, तरी संध्याकाळपर्यंत सगळं पोळं नाचत होतं.