बोटभर लोखंड

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक लोहार होता. कधीची गोष्ट, ते विचारू नका. माणसाला अक्कल नव्हती तेव्हाची, म्हणजे कुठल्याही दिवसाची धरा.

लोहाराची बायको वारली होती. सारजा नावाची एकुलती लेक दूरच्या गावी दिलेली. घरात तो, भट्टी आणि भाता. गाडीच्या चाकाला धाव चढवावी तर त्यानंच. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीचं लोखंडी कडं. तो ती चाकापेक्षा बोटभर लहान घडवायचा आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायचा. तापलं की लोखंड फुगतं, कडं मोठं होतं आणि चाकावर बसतं. वरून पाण्याच्या घागरी ओतल्या की ते निवतं, आवळतं, आणि चाकाचे सगळे सांधे कर्रकन एकमेकांत घुसतात. मग ते चाक दगडावर आपटा, धाव हलायची नाही.

गावाची एकच गाडी होती, सगळ्यांच्या मालकीची. तिचं एक चाक मोडलं. सुतारानं नवं केलं, लोहारानं धाव घडवली.

गावात पाटील नवा होता. पूर्वी कुणीतरी गावाला फसवलं होतं म्हणे, म्हणून त्यानं एक दोरी ठेवली होती. कारागिरानं काहीही करावं, पाटलानं दोरी लावावी, आणि मापाला उतरलं तरच गावानं घ्यावं.

पाटलानं चाकाभोवती दोरी फिरवून गाठ मारली. तीच दोरी धावेच्या आतून फिरवली. दोरी बोटभर उरली.

"बोटभर लोखंड कुठं गेलं रे?"

"कुठं जातंय? असंच करायचं असतं, पाटील. तापल्यावर वाढतं ते."

"लोखंड वाढतं? मग तुझी ऐरण एव्हाना म्हशीएवढी व्हायला हवी होती!"

पारावर बसलेली सगळी हसली.

"जाळ करून दाखवतो. थोडं थांबा."

"जाळात तू काय वाटेल ते दाखवशील. दोरी तापत नाही, निवत नाही. दोरी खरी."

लोहाराचं डोकं फिरलं. आज्यानं, बापानं याच भट्टीवर हाडं झिजवली, आणि आज भर पारावर चोर ठरवतात! करणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते त्याच्यानं झालं नाही. तो म्हणाला, "घ्या, तुमच्या दोरीइतकी करून देतो. मग माझ्याकडं येऊ नका."

केली. दोरीला अगदी तंतोतंत. निवल्यावर धाव चाकाला नुसती टेकली होती, धरून नव्हती. त्यानं फटींत लाकडी पाचरा ठोकल्या आणि चाक देऊन टाकलं. मनात म्हणाला, चार दिवसांत वेशीतच निसटेल, मग बघू कोण हसतं.

पण दिवस थंडीचे. दंवानं लाकूड फुगलेलं, धाव टिकली. गाडीवान येता-जाता ओरडायचा, "मामा, दोरीइतकी धाव बसली की हो!" लोहार मान खाली घालून भाता ओढायचा. गाडी पुढं गेली की त्याला एकट्याला ऐकू यायचं, खळ, खळ, खळ. उद्या जाऊन सांगू, असं तो रोज ठरवायचा. पुन्हा हसतील म्हणून रोज गप्प बसायचा.

चैत्रात सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या त्या दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण बाहेर आली ती घाम पुसतच.

"आडवं आलंय. माझ्या हातचं नाही. खाली पेठेत वैद्याकडं न्या, आत्ताच्या आत्ता."

"मला थोडा वेळ दे. धाव कापतो, तापवतो, पुन्हा चढवतो."

"वेड लागलं का दादा तुला? धाव घेऊन बसलास! तोवर पोर जाईल."

लोहारानं चाकावर आठ घागरी पाणी ओतलं, लाकूड फुगावं म्हणून. सारजाला गाडीत निजवलं आणि तो चाकाच्या बाजूनं चालू लागला. नजर चाकावर.

"आबा," सारजा आतून म्हणाली, "चाकाकडं काय बघताय? माझ्याकडं बघा की."

"हो गं बाई," तो म्हणाला, आणि चाकाकडंच बघत राहिला.

घाटात ऊन कडकडीत होतं. पाणी आटलं. लाकूड सुकून आकसलं, लोखंड तापून फुगलं. तिसऱ्या वळणावर पाचरा उडाल्या, धाव निसटली आणि एकटीच घरंगळत उतारानं पुढं गेली. उघडं चाक दगडावर आदळलं, मोडलं, गाडी कलंडली. खाली पेठेतली घरं दिसत होती. सारजा तिथंच गेली, आणि बाळ तिच्याबरोबर.

तेरावं झाल्यावर लोहार ती धाव खांद्यावर घेऊन पारावर आला.

"मी मारली तिला. ही राहणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी दिली. मला काय ती शिक्षा करा."

पाटलानं दोरी आणली. धावेच्या आतून फिरवली. टोक गाठीला भिडलं.

"माप बरोबर आहे," पाटील हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "तुझा काही दोष नाही, बाबा. नशीब एकेकाचं. नव्या चाकालाही अशीच कर, दोरीइतकी."

लोहारानं तोंड उघडलं. तापणं, फुगणं, आवळणं, सगळं ओठांवर आलं. पण पारावरची माणसं त्याच्याकडं दयेनं बघत होती. हसणाऱ्यांशी भांडता तरी येतं. तो धाव तिथंच टाकून घरी गेला.

त्याची भट्टी पुन्हा पेटली नाही. गावानं दुसरीकडून लोहार आणला, त्यानं दोरीइतकी धाव मुकाट करून दिली. गाडी अजून त्याच घाटानं उतरते.

तात्पर्य हवंच असेल तर घ्या: ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं रागापोटी चुकीचं करून देऊ नये. आडमुठ्यांचं माप शेवटपर्यंत बरोबरच निघतं, आणि गाडीत माणूस आपलं असतं.