नाक झिजलेला टाक

सांगायचं नव्हतं मला. तीनदा नाही म्हणालो. पण पानावर बसलं की "ती राजाची गोष्ट, ती राजाची गोष्ट", तुम्ही घास गिळू देत नाही. सांगतो. मध्ये कुणी बोललं तर तिथंच थांबेन. आणि हुंकार द्या, भिंतीशी बोलायला मी वेडा नाही.

एका राज्यात पाखरं बोलत आणि माणसं ऐकत. त्या राज्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. राजा रुद्रसेन, राणी गुणवंता, सहा वर्षांची लेक केतकी. राजाच्या देव्हाऱ्यात डोंगराईचा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली देवीची मूर्त, विड्याच्या पानाहून लहान. रीत अशी, की दर बारा वर्षांनी घरोघरचे टाक आईपूरला न्यायचे आणि डोंगराईच्या पायाला लावायचे. लेक माहेरी जाते, तसं.

राजा आठ वर्षांचा असताना आईबरोबर गेला होता. मधली बारी लढाईत हुकली. पण ती पहिली वाट त्याला पाठ होती. छकड्याच्या बैलांची घुंगरं. चिंचेखाली सोडलेली शिदोरी, दशम्या आणि लसणाची चटणी. खिंडीच्या माथ्यावर आईनं त्याची हनुवटी धरून मान वळवली होती, "ते बघ शिखर." साऱ्यांनी तिथंच वहाणा काढल्या. खाली गावात कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, आणि संबळ असा वाजे की पोटात घुमे. आईनं टाक खणात गुंडाळून ओटीत ठेवलेला, आणि वाटभर एक हात त्यावर. आता तशी माणसं नाहीत. तसे छकडेही नाहीत.

आई गेली. बारावं वर्ष आलं. राजानं टाक हातात घेतला तर त्याला नाक नाही, डोळे नाहीत. सगळा गुळगुळीत.

"हा न्यायचा?" राजा म्हणाला. "साऱ्या देशांचे राजे येतील. हसतील."

"हसू द्यात," राणी म्हणाली. "सासूबाईंनी रोज चिंचेनं घासलाय. त्यानं झिजलाय तो."

दरबारात मायाधर नावाचा जादूगार होता. त्याचं वय कुणाला ठाऊक नव्हतं. दर सालाला तो थोडा तरुण दिसे. तो पुढं झाला. "महाराज, सोन्याचा करावा. डोळ्यांत माणकं बसवावीत. जुना मजकडे द्यावा, विधीनं ठेवतो."

राजानं दिला. राणीनं तोंड फिरवलं.

आईपूरचं देऊळ खोल दरीत. तीनशे पायऱ्या उतरून जायचं. राजा वाजतगाजत उतरला. पुजाऱ्यानं सोन्याचा टाक डोंगराईच्या पायाशी ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा खाली पडून खणकन वाजला.

गाभाऱ्यातून आवाज आला, "ही कोण बाई? आमच्यातली नाही. आणि हिला आणणारा तू कोण?"

तेवढं झालं आणि राजाचा चेहरा पुसला गेला. नाक, डोळे, मिशा, सारं गेलं. नदीतल्या गोट्यासारखं तोंड राहिलं. त्याला दिसत होतं, बोलता येत होतं, पण आवाजही परक्याचा. अंगावरचा जरीचा अंगरखा गोणपाट झाला. त्याच्याच शिपायानं त्याला भाल्याच्या दांड्यानं ढोसलं. "ए गोट्या, हो बाजूला! महाराजांना जागा दे."

सारा लवाजमा महाराजांना शोधू लागला. राणी पायऱ्यांवर प्रत्येकाला विचारत आली. त्याच्यापुढं थांबली.

"आई, ह्यांना तोंडच नाही," केतकी म्हणाली.

"असं बोलू नये. दादा, आमचे महाराज पाहिलेत का? उंच आहेत. मिशा आहेत. थोडे हट्टी आहेत."

"मीच तो," राजा म्हणाला.

राणीनं त्याच्या हातावर एक दशमी ठेवली आणि पुढं गेली.

राजा दीपमाळेच्या पायथ्याशी बसून रडू लागला. वर एक साळुंकी होती. "डोळे नाहीत आणि पाणी कुठून काढतोस?" ती म्हणाली. "ऐक. तीन कामं आहेत. पाच घरी जोगवा माग. ते पीठ डोंगरातल्या नागाला घाल. मग मायाधराच्या गुहेतला तुझा टाक आणून आईच्या पायाला लाव. परवा दिवस मावळताना आई मंचकावर निजायला जाईल. ती उठेल बारा वर्षांनी. तोवर तुझी लेक सासरी गेलेली असेल, आणि बाप कोण, हे तिला ठाऊक नसेल."

राजा उठला. पहिल्या दारात जाऊन म्हणाला, "पीठ आणा."

"तुझ्या बापानं दळून ठेवलंय?" आतली बाई म्हणाली आणि दार लावलं.

राजाला आठवलं. आईनं याच गल्लीत परडी हातात घेऊन पाच घरी जोगवा मागितला होता. राणी असून. तो लाजून तिच्या पदराआड लपला होता. आता पदर नव्हता. तो दुसऱ्या दारात वाकून उभा राहिला. "आई, जोगवा."

कासाराची म्हातारी बाहेर आली, त्याला खालीवर न्याहाळून म्हणाली, "तोंड नाही, पण मागणं नीट आहे. धर." अशी पाच घरं झाली.

दुसऱ्या दिवशी तो डोंगरात गेला. गुहेच्या तोंडाशी नाग होता, वेटोळं देवळाएवढं.

"काय आणलंस?"

"पीठ."

"राजवाड्यातलं?"

"नाही. मागून आणलेलं."

"मग दे. राजवाड्यातल्या दुधानं माझे दात किडलेत." नागानं पीठ खाल्लं, अंग चोरलं आणि वाट दिली.

आत चांदीचा डोंगर. जवळ गेला तर सगळे टाक! साऱ्या राज्यातले, घरोघर झिजले म्हणून काढून दिलेले. वर मायाधर बसला होता, जेमतेम विशीतला. त्या ढिगातला एकेक टाक त्याचं एकेक वर्ष उतरवत होता.

"ये, गोट्या," तो हसला. "एकच उचल. तुझा निघाला तर जा घेऊन, बाकीचे माझे. चुकलास तर तूही चांदीचा होशील आणि इथंच पडशील."

राजा ढिगापाशी बसला. एकीची हनुवटी तेवढी उरलेली. एकीच्या कपाळाचा नुसता कुंकवाचा डाग. एकीच्या आठ हातांचे तीन झालेले. तो रात्रभर आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बघत राहिला. खिंड आठवत होती. दशम्या आठवत होत्या. आईच्या बांगड्या, चिंचेचा वास, टाक घासणारा तिचा हात आठवत होता. हाताखालचं काही आठवेना. त्यानं ते कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"झालं?" मायाधर म्हणाला.

"मला ओळखता येत नाही."

"मग मर."

"सगळ्या नेतो," राजा म्हणाला, आणि अंगावरचं गोणपाट काढून पसरलं.

"एकच म्हणालो मी!"

"एक उचलायची आणि दुसरी ठेवायची, हे मी एकदा केलंय. पुन्हा नाही. ह्याही कुणाच्या तरी आईनं घासलेल्या आहेत."

मायाधर उचलू नको, उचलू नको म्हणून ओरडला, पण उचलणाऱ्याला अडवायचा मंत्र त्याच्याकडे नव्हता. ठेवून जाणाऱ्यांवरच तो आजवर जगला होता. मग त्यानं शाप टाकला, "जड व्हा!" एकेक टाक जात्याएवढा जड झाला. राजानं गाठोडं ओढलं. खांदे सोलले, गुडघे फुटले. पहिल्या पायरीशी पोचला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. तिथं तो कोसळला.

"अगं, हा तर आपला जोगव्याचा!" कासाराची म्हातारी धावली. गाठोड्यात डोकावली आणि तिथंच बसली. "ही माझ्या सासूची. झिजली म्हणून मीच काढून दिली होती, मेलीनं." तिनं ती पदरात घेतली. पदरात पडताच टाक पिसासारखा हलका झाला.

मग काय! बाया आल्या. ओंजळ ओंजळ घेऊन पायऱ्या उतरू लागल्या. राणी गुणवंताही आली. कुणाचं ओझं ते तिनं विचारलं नाही. केतकीनं एक मुठीत घेतला. राजा मागून रांगत उतरला.

पुजारी एकेक टाक पायाला लावी आणि आतून आवाज येई. "ही कासारांची. ही वरच्या आळीतली. ही धाकटी, हिला नदीपलीकडे दिली होती. किती वाळलात गं!" एकही घसरला नाही. तिकडं गुहेत मायाधराची उतरलेली वर्षं एकदम परत चढली. तो पिकला, वाळला आणि धूळ होऊन उडाला. नाग दुसऱ्या डोंगराला निघून गेला.

सूर्याची कड तेवढी उरली. केतकीनं मूठ उघडली.

"ही रुद्रसेनाच्या आईची," देवी म्हणाली. "आणि हा मागे बसलाय तो रुद्रसेन."

राजाचा चेहरा परत आला. अगदी पहिल्यासारखा नाही. नाक थोडं झिजलेलं होतं.

"आई, हे तर आबा!" केतकी ओरडली. राणी पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसत राहिली, उगाच, पुन्हा पुन्हा.

राजानं ते नवं नाक साऱ्या गावासमोर पायरीवर घासलं. "चुकलो."

"कळलं," देवी म्हणाली. "आता समया बारीक करा. मला झोप आलीय."

टाक आपापल्या घरी गेले. त्या राज्यात पुन्हा कुणी झिजलेली देवी बदलली नाही. दर बारा वर्षांनी छकडे खिंडीत थांबत, बाया पोरांची मान वळवून शिखर दाखवत, आणि मग ओटीतला टाकही काढून दाखवत, "हाही बघ. नीट बघ."

झाली गोष्ट. राजा असून त्यानं माफी मागितली, काही झिजलं नाही त्याचं, झिजायचं ते आधीच झिजलं होतं. एकजण मात्र अजून राहिलाय. देवीच्या यात्रेत मला पायरीवर बसवून "आलोच" म्हणाला, आणि छकडा जुंपून एकटाच गावी परत आला. नऊ कोस चालत आलो मी, अनवाणी. चाळीस वर्षं झाली. रोज समोरून जातो, रामराम घालतो, तेवढं सोडून सगळं बोलतो. गेनबा वाघचौरे.