ओळीच्या टोकाचं ‘नाही’

एका तालुक्याच्या गावी राहणारी एक विद्यार्थिनी एकदा आपल्या जुन्या गुरूंकडे तणतणत गेली. विद्यार्थिनी म्हणायचे ते जुन्या नात्याने; शाल्मलीने तिशी ओलांडली होती आणि गावातल्या वाचनालयाची सारी व्यवस्था ती एकटी पाहत होती. गुरू म्हणजे आगवणे सर. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत व्याकरण शिकवले होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षे लोटली, तरी दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ ते जाता-येता मनातल्या मनात दुरुस्त करीत.

शाल्मलीला एक आगळा नाद होता. फोनवर ज्याच्यातून आपण संकेतस्थळे उघडून वाचतो, त्या ब्राउझरची नवी आवृत्ती सर्वांच्या हाती पडण्यापूर्वी काही हौशी मंडळींना वापरायला देतात. ती अर्धीकच्ची असते. तिला चाचणी आवृत्ती म्हणतात. हौशी मंडळींनी ती वापरावी, दोष हुडकावेत आणि बनवणाऱ्यांना कळवावेत, असा शिरस्ता. परदेशातल्या अशाच एका ब्राउझरसाठी शाल्मली वर्षभर हे काम निष्ठेने करीत होती. मराठी वाचणाऱ्यांचे हाल होऊ नयेत, एवढीच तिची इच्छा. त्याच इच्छेपोटी तिने ती आवृत्ती सरांच्याही फोनवर घातली होती. सरांची दृष्टी अधू झालेली. अक्षरे खूप मोठी करून वाचणारे तिच्या ओळखीत तेच एक होते.

त्या रविवारी सकाळी सर पुढच्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. शाल्मलीने चपला काढल्या त्या अक्षरशः भिरकावल्या.

“सर, आजपासून मी हे काम सोडलं. तुमचाही फोन द्या, त्यातनंही काढून टाकते.”

“बस तरी आधी. काय झालं?”

“दर तीन दिवसांनी नवी आवृत्ती येते, सर. एक दुरुस्त करतात आणि दोन मोडून ठेवतात! सोमवारी उघडलेली पानं आपोआप नाहीशी झाली. गुरुवारी निम्मा अर्ज भरला आणि सगळा पुसला गेला. आणि अक्षरं मोठी केली की ओळी कापल्या जातात, हे मी तीनदा कळवलंय. तीनदा! प्रत्येक वेळी उत्तर एकच. ‘आम्हाला असे काही आढळले नाही.’ आणि तक्रार बंद. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीनं ऐकलं असतं.”

“शेवटची तक्रार काय लिहिलीस? वाच बघू.”

शाल्मलीने फोन काढला आणि ठसक्यात वाचले, “पुन्हा तेच. मराठी मजकूर नीट दिसत नाही. किती वेळा सांगायचं? कधी दुरुस्त करणार तुम्ही?”

सरांनी मान डोलावली. हातातली शेंग सोलून झाल्यावर ते म्हणाले, “बरं. आता एक काम कर. आत जा आणि ते घेऊन ये.”

“काय, सर?”

“तेच. जे नीट नाही ते.”

सरांचे वय झाले, असे तिच्या मनात आले. ती मुकाट्याने आत गेली. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेले दिसले. तिने ते उतरवून आणले.

“हे नव्हे,” सर म्हणाले.

ती पुन्हा आत गेली आणि दांडी निखळलेली किटली घेऊन आली.

“पुन्हा तेच. किती वेळा सांगायचं?”

सरांसमोर आवाज चढवायचा नाही, म्हणून शाल्मलीने ओठ घट्ट मिटले. तिसऱ्या खेपेस ती एक लंगडी खुर्ची फरफटत घेऊन आली. तिचा पदर सुटला होता आणि हाताला धूळ लागली होती. सरांनी खुर्चीकडे धड पाहिलेही नाही.

“कधी आणणार तू?”

आता मात्र तिचा संयम सुटला. “सर, काय आणायचं, कुठं ठेवलंय, ते सांगाल तर आणीन ना! तुमच्या घरात नीट नसलेल्या पन्नास वस्तू आहेत. तुमच्या मनातली कुठली, ते मला कसं कळावं?”

बोलून गेली आणि थबकली. आपण नेमके काय बोललो, ते तिचे तिलाच ऐकू आले. ती त्याच लंगड्या खुर्चीवर जपून टेकली.

सर शांतपणे म्हणाले, “अगं, तुझी चीड खोटी नव्हे. चूक खरी आहे, म्हणून तर चीड आली. पण तू त्यांना चीड तेवढी धाडलीस. चूक तुझ्यापाशीच राहिली. जी वस्तू तुला डोळ्यांसमोर दिसते, ती समोरच्यालाही दिसते आहे असं आपण रागाच्या भरात धरून चालतो. तो शोधतो, त्याला सापडत नाही, आणि मग आपण त्याला बहिरा ठरवतो.”

शाल्मलीने हाताची धूळ पुसली. मग हलकेच म्हणाली, “पण आणायचं काय होतं?”

“उशीजवळचा माझा फोन.”

तिने तो आणला. सरांनी आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे पान उघडले. रुग्णांसाठीच्या सूचना तिथे लिहिलेल्या होत्या. सरांनी बोट ठेवले, तिथले वाक्य तिने मोठ्याने वाचले.

“‘गुडघेदुखीची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची’. बरं, मग?”

“मी घेतली. चार दिवस, सकाळी उठल्या उठल्या. पोटात नुसता जाळ. पाचव्या दिवशी पुन्हा वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की वाक्याला पूर्णविराम नाही. डॉक्टर एरवी पूर्णविराम द्यायला चुकत नाहीत. आता फोन आडवा धर.”

शाल्मलीने फोन आडवा केला. ओळ लांबली आणि टोकाला लपलेला शब्द पुढे आला. *गुडघेदुखीची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही.*

ही आवृत्ती तिनेच, आपल्या हाताने, हौसेने या फोनवर घातली होती.

“सर, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू दाराशी येऊन उभी राहिलीस तीच ‘काम सोडलं’ म्हणत. बोलायला फट कुठं ठेवलीस?”

“मी आत्ता काढून टाकते हे. जुनं, भरवशाचं घालते.”

सरांनी फोनवर आपला तळहात ठेवला. “काढ, जरूर काढ. पण आधी दाखव. काढून टाकलंस तर माझ्यापुरतं मिटेल. उद्या हीच आवृत्ती पक्की होऊन घराघरांत गेली, की माझ्यासारखे किती म्हातारे हे वाक्य वाचतील? त्यातल्या किती जणांना पूर्णविराम आठवेल?”

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि गोळीची सूचना ठळक अक्षरांत लिहून पाण्याच्या माठाशेजारी डकवली. शाल्मली तोवर तक्रार लिहायला बसली होती. कोणता फोन, अक्षरे किती मोठी, कोणते पान, कोणते वाक्य. उभा धरला की काय दिसते, आडवा धरला की काय. दोन्हींची छायाचित्रे जोडली. तेवढ्यात सर म्हणाले, “एक ओळ आणखी घाल. तुमच्या भाषेत नकार क्रियेच्या आधी येतो. आमच्या भाषेत तो शेवटी येतो. म्हणून ओळीचं टोक कापलं की आमचं वाक्य मोडत नाही, उलटतं.”

ती ओळ तिने घातली. नंतरच सरांच्या फोनवरून चाचणी आवृत्ती काढली आणि आपल्या फोनवर तेवढीच मोठी अक्षरे करून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. ते कुणा माणसाने स्वतः बसून लिहिले होते. त्याने म्हटले होते की, ही बाब आम्ही निव्वळ दिसण्याची समजत होतो. असा अर्थ फिरत असेल हे आमच्या ध्यानी आले नव्हते. आठवड्याभरात दोष दुरुस्त झाला. शाल्मलीने वाक्य उघडून पाहिले. ‘नाही’ आपल्या जागी, पूर्णविरामासह, उभे होते.

अर्थात त्याच आवृत्तीत मागे जाण्याचे बटण दाबले की सारा ब्राउझरच मिटू लागला. शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला आणि तशीच सरांचे घर गाठून दहा मिनिटे यथेच्छ आदळआपट केली. सरांनी एका शब्दानेही तिला अडवले नाही.

ती दमून गप्प झाली, तेव्हा त्यांनी विचारले, “झालं चिडून?”

“झालं.”

“मग सांग. बटण दाबण्याआधी तू काय करत होतीस?”

शाल्मलीने दीर्घ श्वास घेतला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.