मिटल्या तोंडाचा वाघ

सोनवळ संस्थानच्या राजचिन्हातल्या ढालीवर पिढ्यान्‌पिढ्या नांगर आणि मोट होती. विलायतेहून परतलेल्या धाकट्या महाराजांना त्याची लाज वाटू लागली. ढालीच्या दोन्ही अंगांना डरकाळी फोडणारे वाघ हवेत, असा त्यांनी हुकूम काढला, आणि वाड्याच्या दरवाजावर ते कोरायचं काम गोंदा पाथरवटाकडे आलं.

दोनच महिन्यांपूर्वी महाराजांच्या शिकारीसाठी रान उठवायला गावातली तरणी माणसं वेठीला धरून नेली होती. त्यांत गोंदाचा एकुलता एक मुलगा केरबा होता. वाघाने त्याला उचललं. घरी आलं ते नुसतं मुंडासं.

गोंदाने वाघ कोरले. हात चालत होते, एवढंच.

दरवाजावरचा पडदा सरला तेव्हा दिवाणसाहेब हसले. "तोंड मिटलेलं, पोट गोल. हा वाघ की मांजर?"

महाराज संतापले. "जबडा उघडा हवा, असं बजावलं होतं ना?"

"होय सरकार," गोंदा म्हणाला. "पण जबडा उघडतो तो भुकेला वाघ. सरकारच्या राज्यात वाघ उपाशी आहे असं दाखवलं, तर संस्थानची अब्रू जाईल. त्याचं पोट भरलंय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

महाराज मान खाली घालून म्हणाले, "राहू दे तसेच." त्या साली शिकारीला कुणाला वेठीला धरलं नाही.

गोंदाचं उत्तर बारा गावांत पोचलं. पारावर लोक ते रंगवून सांगत आणि पोट धरून हसत. सांगणाऱ्याने सुरुवात केली, की गोंदा उठून घरची वाट धरी.