व्हिएन्नाचा शेवटचा प्रश्न

"आणि शेवटी काय विचारलं त्यांनी?"

केळुसकर सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी त्यांचा जुना सहकारी, संध्याकाळच्या पोह्यांना हजर असायचोच. समोर ऋता टिळेकर उभी, त्यांच्याकडेच नदीच्या पुरावर पीएचडी झालेली. हुशार पोरगी, आणि ते तिला माहीतही होतं.

युरोपातल्या कितीतरी प्रयोगशाळांना अर्ज करून ती थकली होती. पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा, पोस्टडॉक, मिळवायची होती तिला. बोलावणं आलं ते एकट्या व्हिएन्नाचं. ते हुकलं की संशोधन संपलं, मुकाट्याने कंपनीत नोकरी धरायची, असं घरी ठरलेलं. आज दुपारीच कॉम्प्युटरवर मुलाखत झाली होती.

"विचारलं, तुमच्या गाइडचं कामात कुठं चुकलं?"

"मग?"

"मी ठणकावून सांगितलं, माझ्या सरांचं कुठंच चुकलेलं नाही!"

वा, म्हटलं मी मनात. सर मात्र चष्मा पुसू लागले.

"मग ते काय म्हणाले?"

"थँक्यू म्हणाले. आणि बंदच केलं." तिचा आवाज खाली आला. "असा प्रश्न विचारतात का, सर? गुरूबद्दल?"

"मीच सुचवला होता."

"काय?" ती किंचाळलीच. माझ्याही घशात पोहे अडकले.

"त्यांचा फोन आला होता, मुलगी कशी आहे म्हणून. म्हटलं, माझी चूक काढू शकेल अशी तीच एक आहे. तिलाच विचारा."

ऋता मटकन खाली बसली.

"पुराचं गणित आपण मांडलं," सर म्हणाले, "कॉम्प्युटर सांगतो त्यापेक्षा पाणी दरवेळी वरच चढतं. का, ते मला आजतागायत कळलं नाही. तुला कळलंय?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ऋता..."

"तळ, सर. नदीच्या तळाची मोजणी जुनी आहे. मधल्या काळात गाळ बसला, तळ वर आला. आपण जुनाच धरून चाललोय. माझं गाव काठावरचं, मी बघतेय ना."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं कशाला सांगू, मला भीतीच वाटली.

"कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच वर्षी."

"पहिल्या वर्षी!"

"तुम्हाला कसं सांगणार, सर? तोंड वर करून?"

"अगं, त्या गणितावर लोकांना घरं सोडायला सांगतात. किंवा सांगत नाहीत."

स्वयंपाकघरात नळ गळत होता, तेवढाच आवाज.

ऋताला रडू फुटलं. रडत रडतच ती पुढे सरकली आणि नेहमीसारखी सरांच्या पायांकडे वाकली.

सरांनी झटकन दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. म्हातारा माणूस, मांडी घालताना कळवळला. तिचं कपाळ थंड फरशीला टेकलं, आणि ती तशीच राहिली.

सर तिच्याकडे बघत होते. डोळे भरलेले.

"डोकं टेकायचं कसं ते शिकलीस, बाळ... आता उचल."